ठाण्याची पंधरा घरे

ख्रिस्तसभेच्या ऐक्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दूरदूरची नगरे उभी राहतात. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत झाली. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी आपले आक्षेप मांडले. १५३४ साली इंग्लंडच्या राजाने पोपमहोदयांशी असलेला संबंध तोडला. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सारे आपण शिकलो. त्यामुळे आपल्या समाजात असा समज रूढ झाला आहे की भांडण युरोपात झाले आणि आपल्या वाट्याला त्याचे तुकडे तेवढे आले. हा समज सोयीचाही आहे. कारण मग ते तुकडे जुळविण्याची जबाबदारी युरोपवरच टाकता येते.

आम्ही ज्या परिसरात धर्मगुरू म्हणून सेवा करीत आहोत, त्या ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्याचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. लोकलने अर्ध्या तासात ओलांडता येईल एवढ्या या भूभागात ख्रिस्ती ऐक्याचा आणि ख्रिस्ती दुहीचा सुमारे पंधराशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. तो आपल्या कुटुंबांत फारसा सांगितला जात नाही. जानेवारी महिन्यात १८ ते २५ तारखांना ऐक्य-सप्ताह येतो, एखादी संयुक्त प्रार्थना होते, चहापान होते आणि सगळे आपापल्या घरी जातात. त्या सप्ताहाला या मातीचा आधार मिळावा, या हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कल्याणचा बिशप

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक भूवर्णनपर ग्रंथ लिहिला. हिंदी महासागरातील व्यापाराची त्याला चांगली माहिती होती. मिरीच्या प्रदेशात, म्हणजे मलबारात, ख्रिस्ती मंडळी आहे आणि 'कल्लियाना' नावाच्या ठिकाणी तर बिशपही असून त्याची नेमणूक इराणातून होते, असे त्याने नमूद केले आहे. त्याच ग्रंथात या बंदरातून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जाते असाही उल्लेख आहे. काही अभ्यासकांनी हे ठिकाण केरळात शोधले असले, तरी अनेकांच्या मते ते आपले कल्याणच होय. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कोरलेली आहेत. उल्हास नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर त्या काळी जगाला माहीत होते.

इराणातून नेमणूक होत असे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. रोमन साम्राज्याच्या पूर्वेस, इराणी सम्राटांच्या राज्यात, ख्रिस्ती लोकांची मोठी मंडळी होती. तिला 'पूर्वेची मंडळी' म्हणतात. तिची उपासनेची भाषा सिरियाक, म्हणजे प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलला तिचीच एक बहीण. ४३१ साली एफेसस येथील विश्वपरिषदेने नेस्टोरियस या बिशपाची शिकवण दोषी ठरविली. इराणातील मंडळीने तो निर्णय स्वीकारला नाही, म्हणून पुढे इतर ख्रिस्ती लोक तिला 'नेस्टोरियन' म्हणू लागले. म्हणजे कल्याणचा तो बिशप रोमच्या दृष्टीने फुटीर मंडळीतला होता. कल्याणच्या खाडीकाठी जी आद्य मिस्सा अर्पण झाली असेल, ती लॅटिन भाषेत खचितच झालेली नव्हती.

आपण लॅटिन रीतीचे लोक. या परिसरातील आपली जुनी देवळे, जुने क्रूस, जुनी आडनावे पाहून 'येथले मूळचे ख्रिस्ती आपणच' असे आपण सहज म्हणून जातो. कॉस्मसची ती नोंद आपल्याला नम्र करणारी आहे.

पंधरा घरे

दुसरी नोंद ठाण्याची आहे, आणि ती अधिक हृद्य आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बंधू इराणी आखातातील होर्मूझहून जहाजाने निघाले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि अनेक भाषा जाणणारे बंधू देमेत्रियस अशी त्यांची नावे. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरूही होते. त्यांना केरळातील कोल्लमला जावयाचे होते. पण जहाजाने त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आणून सोडले. दिल्लीच्या सुलतानांची सत्ता या किनाऱ्यावर तेव्हा नुकतीच आली होती.

ओदोरिक नावाचे आणखी एक फ्रान्सिस्कन प्रवासी त्यानंतर लवकरच ठाण्यास आले. त्यांनी १३३० साली इटलीत परतल्यावर सांगितलेल्या प्रवासवृत्तात ही हकीगत सविस्तर आली आहे. ठाण्यात त्या वेळी ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ते सांगतात. आणि ती माणसे नेस्टोरियन, फुटीर आहेत, असा शेरा मारण्यास विसरत नाहीत. त्यांपैकीच एका घरात हे चौघे बंधू उतरले.

येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. रोमच्या मंडळीतले चार संन्यासी अनोळखी नगरात उतरले आहेत. भाषा परकी, सत्ता परकी. त्यांना आसरा देणाऱ्या घराची मंडळी आणि त्यांची मंडळी नऊशे वर्षांपासून एकमेकांपासून विभक्त. तरीही दार उघडले गेले. घरधन्याने पाहुण्यांना एफेससच्या परिषदेविषयी मत विचारल्याचे वृत्तांतात कोठेही आलेले नाही. क्रूसाचे चिन्ह दोघांच्याही ओळखीचे होते आणि तेवढे पुरेसे ठरले.

पुढची हकीगत कटू आहे. त्या घरात पती-पत्नींचे भांडण झाले आणि पतीने पत्नीला बेदम मारले. दुसऱ्या दिवशी ती काझीकडे दाद मागावयास गेली. पुरावा काय, असे विचारताच तिने सांगितले की घरात चार परदेशी साधू होते, त्यांनी सारे पाहिले आहे. त्यांना बोलावून घ्यावे, ते विद्वान आहेत, त्यांच्याशी धर्मचर्चा करता येईल, असे तेथे असलेल्या एका अलेक्झांड्रियाच्या माणसाने काझीस सुचविले. सामानाची राखण करण्यास पीटर मागे राहिले आणि तिघे गेले. मारहाणीचा प्रश्न बाजूला पडला, धर्माचा वाद पेटला आणि अखेर त्या तिघांना प्राण द्यावे लागले. मागाहून पीटर यांनाही पकडून मारण्यात आले. ही घटना १३२१ च्या एप्रिल महिन्यातली. या कृत्याबद्दल दिल्लीच्या बादशहाने ठाण्याच्या अधिकाऱ्यास देहदंड दिला, असेही ओदोरिक यांच्या वृत्तांतात आहे. त्या काळाच्या एका अधिकाऱ्याच्या करणीचे ओझे आजच्या आपल्या कोणत्याही शेजाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

आपण मराठीत ज्याला 'रक्तसाक्षी' म्हणतो, त्यासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षीदार' असाच आहे. ठाण्याच्या या चार बंधूंना प्रथम बोलावणे आले ते एका मार खाल्लेल्या स्त्रीच्या साक्षीसाठी, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ती स्त्री त्यांच्या मंडळीची नव्हती. तिचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. पण ठाण्याच्या रक्तसाक्षींची कथा तिच्या तक्रारीपासून सुरू होते.

जॉर्डन यांनी या बंधूंचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे चीनमधील झैतून येथील फ्रान्सिस्कन मठात नेल्या. जॉर्डन १३२९ साली कोल्लमचे बिशप नेमले गेले. भारतातील लॅटिन रीतीचा तो पहिला धर्मप्रांत. १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी थॉमस यांच्या भक्तीस अधिकृत मान्यता दिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये या घटनेस सातशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा महामारीमुळे महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे बंद होती. सप्तशताब्दीचे ते दिवस दारे लावूनच गेले.

पाहुण्याचे मालक होणे

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर ठाण्यात फ्रान्सिस्कन आले, येशूसंघीय आले, नवी मंडळी उभी राहिली. आज मासुंदा तलावाकाठी उभे असलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे मंदिर त्याच परंपरेचे आहे. या काळाने आपल्याला पुष्कळ दिले. आपली श्रद्धा, आपले सण, आपली गीते, आपली पॅरिश ही या काळाची देणगी होय. ती आपण कृतज्ञतेने स्वीकारतो.

पण १३२१ साली पाहुणा म्हणून आलेली लॅटिन मंडळी आता सत्तेबरोबर आली होती, आणि सत्तेबरोबर येणाऱ्यास यजमानाची आठवण राहत नाही. केरळात १५९९ साली उदयंपेरूर येथे गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी सभा बोलावली आणि संत तोमाच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांवर लॅटिन वळण लादले. त्यांच्या कितीतरी सिरियाक ग्रंथांना अग्नी देण्यात आला. त्याची परिणती १६५३ साली मट्टनचेरी येथे झालेल्या 'वाकड्या क्रूसाच्या शपथे'त झाली. हजारो लोकांनी येशूसंघीयांचा अधिकार नाकारला आणि एकसंध असलेली ती प्राचीन मंडळी कायमची दुभंगली. ज्या परंपरेच्या एका कुटुंबाने ठाण्यात आमच्या बंधूंना घरात घेतले, तिच्याच वारसांशी आमच्याच लोकांनी असे वर्तन केले. हा इतिहास सांगताना लाज वाटली तरी तो सांगितला पाहिजे.

एका देवळाचे दोन धनी

सत्तेची सवय जडली की माणूस आपल्याच भावाशीही भांडतो. ठाणे-मुंबई परिसरातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कडवट ख्रिस्ती कलह कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला नव्हता; तो कॅथलिक आणि कॅथलिक यांच्यातला होता. तरुण पिढीस 'पाद्रोआदो' आणि 'प्रोपागांदा' हे शब्द बहुधा ठाऊकही नसतील. त्यांच्या पणजोबांनी मात्र या दोन शब्दांपायी सोयरीक मोडलेली असेल.

पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील मिशनकार्याचा खर्च सोसावा आणि त्याबदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क त्यास असावा, ही व्यवस्था म्हणजे पाद्रोआदो. पुढे एकट्या राजाच्या हाती एवढे मोठे कार्य सोपविणे रोमला योग्य वाटेना. १६२२ साली पोपमहोदयांनी धर्मप्रसारासाठी स्वतःचे स्वतंत्र मंडळ स्थापिले, ते प्रोपागांदा. त्या मंडळाने नेमलेला या भागातील पहिला अधिकारी आपल्या शेजारच्या गोव्याचा होता. दिवाड बेटावरचे मातेउस द काश्त्रू यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली, म्हणून ते रोमला गेले आणि १६३७ साली बिशप होऊन विजापूरच्या प्रदेशासाठी परतले. मुंबई महाधर्मप्रांताचे एक मूळ तेथपर्यंत जाते.

१७२० साली इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालविले आणि प्रोपागांदाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना बोलाविले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. स्थानिक धर्मगुरूंनी अत्यंत हलाखीत साष्टीतील मंडळी सांभाळली आणि ती गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या, छत्राखाली राहिली. १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांकडे आले. आता एकाच राज्यात दोन अधिकार समोरासमोर उभे राहिले. अठराव्या शतकाच्या शेवटी तर इंग्रज सरकारने मुंबईतील देवळे दोन्ही पक्षांत वाटून दिली.

१८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोचे अधिकार बऱ्याच ठिकाणी रद्द केले. राजाची संमती नसलेला हा आदेश आम्हांस बंधनकारक नाही, असे पाद्रोआदोच्या बाजूने म्हटले. १८५३ साली माहीमच्या संत मायकल मंदिरावरून तंटा इतका विकोपास गेला की प्रोपागांदाचे बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह मंदिराची दारे आतून बंद करून बसले आणि अखेर सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदरहून ठाण्यास देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ठाण्याची माणसे जगाशी जोडली जात होती आणि त्यांचे पाळक एकमेकांवर दारे लावीत होते.

१८८६ च्या करारानंतर भांडण मिटले, पण विचित्र रीतीने. एकाच प्रदेशात मुंबईचे आर्चबिशप आणि दमणचे बिशप असे दोन पाळक कायम झाले. माणूस राहतो कोठे यापेक्षा त्याचे घराणे मूळचे कोठले, यावर त्याचा पाळक ठरू लागला. शेजारी राहणारी, एकच प्रेषितांचा विश्वास म्हणणारी दोन कुटुंबे वेगवेगळ्या बिशपांची लेकरे झाली. त्याच सुमारास, १८८७ साली, येथल्या मूळच्या कॅथलिकांनी गोवेकरांपासून आपली वेगळी ओळख दाखविण्यासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. ही दुहेरी सत्ता १९२८ साली संपली, आणि १९५० साली पोर्तुगालने आपले उरलेसुरले हक्क सोडले. या साऱ्या वादात विश्वाचे एकही कलम वादग्रस्त नव्हते. वाद होता तो चावी कोणाच्या हाती असावी एवढाच.

इतर मंडळ्यांचे शेजार

१८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले कार्यकर्ते मुंबईस उतरले. १८२५ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर यांनी ठाण्याच्या संत जेम्स मंदिराची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून ठाण्यात दोन परंपरांची मंदिरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण सुमारे दीडशे वर्षे एका मंदिरातील भाविकाने दुसऱ्या मंदिरातील उपासनेत भाग घेणे हे पाप मानले जाई. १९१७ च्या आपल्या धर्मसंहितेनेही तशी मनाई केली होती.

या काळात एका मराठी कवीने मात्र कुंपणापलीकडे पाहिले. नारायण वामन टिळक यांचे बालपणीचे शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणला झाले, हे कल्याणकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते अमेरिकन मराठी मिशनशी जोडले गेले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांना, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही, त्या दरबारात स्थान होते. त्यांच्या पद्यांनी पंथांच्या सीमा केव्हाच ओलांडल्या आहेत. मराठी ख्रिस्ती माणूस गाऊ लागला की त्याचा पंथ ओळखता येत नाही.

प्रोटेस्टंट बांधवांनी आपल्याला आणखी एक धडा दिला आहे. उत्तर भारतातील निरनिराळ्या मंडळ्यांनी १९२९ साली ऐक्याची बोलणी सुरू केली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्मास आली. एकेचाळीस वर्षे ती माणसे एका मेजाभोवती बसत राहिली. ज्यांनी बोलणी सुरू केली त्यांपैकी अनेकांना शेवट पाहावयास मिळाला नाही, तरी ती थांबली नाहीत.

आपल्याकडे वारे फिरले ते दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आणि पौर्वात्य मंडळ्यांविषयीचा असे दोन हुकूमनामे एकाच दिवशी घोषित झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत पोप सहावे पॉल हे युखरिस्त काँग्रेससाठी मुंबईस आले. विभक्त झालेले बांधव हे शत्रू नव्हेत, एकाच बाप्तिस्म्याने ते आपल्याशी जोडलेले आहेत, ही शिकवण आता धर्मगुरूच्या वैयक्तिक औदार्यावर सोडलेली नाही. ती ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आहे.

आणि ठाण्याच्या त्या पंधरा घरांचे काय? ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या असिरियन मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोम येथे संयुक्त घोषणा केली. प्रभू येशू ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी व मनुष्यत्वाविषयी दोन्ही मंडळ्यांचा विश्वास एकच आहे, आणि पूर्वीचे मतभेद बऱ्याच अंशी गैरसमजातून झाले होते, असे त्यात मान्य करण्यात आले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या मंडळीतील सातव्या शतकाचे तपस्वी, निनवेचे इसाक, यांचे नाव रोमच्या संतसूचीत घातले. ज्यांना ओदोरिक यांनी फुटीर म्हटले, त्यांचा संत आज आपलाही संत आहे. रोमच्या धर्मपंडितांना ज्या निष्कर्षाला पोहोचण्यास साडेपंधराशे वर्षे लागली, तो ठाण्याच्या त्या घरधन्याने दार उघडून एका संध्याकाळी गाठला होता.

कल्याणला पुन्हा बिशप

स्वातंत्र्यानंतर रेल्वे, कारखाने, रुग्णालये आणि कचेऱ्या यांच्या ओढीने केरळातील असंख्य कुटुंबे ठाणे, कल्याण, उल्हासनगर व डोंबिवली येथे येऊन स्थायिक झाली. त्यांतील अनेक संत तोमाच्या परंपरेतील, सिरो-मलबार मंडळीची होती. दोन-तीन दशके ती आपल्याच पॅरिशमध्ये मिस्सेला येत होती, गायनवृंदात गात होती, मुलांना धर्मशिक्षण देत होती. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी भारतातील बिशपांना पत्र लिहून प्रत्येक रीतीच्या भाविकांना आपल्या परंपरेनुसार पाळकीय सेवा मिळाली पाहिजे असे कळविले, आणि ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण हा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. मार पॉल चिट्टिलप्पिल्ली हे त्याचे पहिले बिशप. २०२५ साली त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

त्या दिवसांत अनेक पॅरिशमध्ये मने दुखावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. लॅटिन बांधवांस वाटले की आपल्या देहाचा एक अवयव कापून नेला. केरळी बांधवांस वाटले की इतक्या वर्षांनी आपल्या आईची भाषा देवळात ऐकू आली. काही कुटुंबांत आजी एका मंदिरात आणि नात दुसऱ्या मंदिरात असे झाले. एकाच नगरात पुन्हा दोन पाळक! १८८६ ची आठवण ज्येष्ठांना झाल्यावाचून राहिली नाही.

परंतु दोन्हींत मूलभूत फरक आहे. १८८६ ची विभागणी एका राजाचा मान राखण्यासाठी झाली. १९८८ ची व्यवस्था एका प्राचीन मंडळीला तिची उपासना, तिचे संत, तिचे उपवास आणि तिची भाषा जपता यावी म्हणून झाली. आणि इतिहासाकडे पाहिले तर नवे कोण आणि जुने कोण, हे तरी कसे ठरवावे? डोंबिवलीच्या एखाद्या सभागृहात पूर्वेकडील रीतीने कुर्बाना अर्पण होते, तेव्हा कॉस्मसच्या काळी कल्याणच्या खाडीकाठी उच्चारलेल्या प्रार्थनांचाच वारसा तेथे उच्चारला जातो. ज्यांना आपण 'बाहेरून आलेले' समजतो, ते एका अर्थाने आपल्या जुन्या यजमानाचे वारस आहेत. या भूमीवर कोणीच कायमचा यजमान नाही आणि कोणीच कायमचा पाहुणा नाही.

एका मजल्यावरील चार दारे

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील एका गृहसंकुलात आम्ही घरभेटीस गेलो होतो. एकाच मजल्यावर चार ख्रिस्ती घरे होती: एक आपले ईस्ट इंडियन, एक सिरो-मलबार, एक मार्थोमा आणि एक सीएनआयचे मराठी कुटुंब. चारही दारांवर क्रूस होता. नाताळात करंज्या आणि केक यांची देवाणघेवाण होई. पण ही चार कुटुंबे एकत्र बसून एकदाही प्रार्थनेस जमली नव्हती. विचारले तर प्रत्येकाने सांगितले, "त्यांची पद्धत वेगळी असते ना, फादर!"

पुढे त्यांतील एका घरी अकस्मात मृत्यू झाला. रुग्णालयाचे कागद, महापालिकेचा दाखला, शवपेटी, दफनभूमीतील जागा, गावाहून येणाऱ्यांची जेवणे, हे सारे उरलेल्या तीन घरांनी आपापसांत वाटून घेतले. त्या रात्री पार्थिवाजवळ जी प्रार्थना झाली तीत मराठी, मल्याळम आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा होत्या. कोणाची पद्धत कोणती, हे कोणी विचारले नाही. मात्र चाळीसावा झाल्यावर ती दारे पुन्हा पूर्ववत मिटली, हेही आम्ही पाहिले. दुःखात जे सहज साधते, ते सुखात का टिकू नये?

पवित्र मिस्सेत एकत्र सहभागी होण्याच्या मार्गात अजून खरे अडथळे आहेत. ते आपण आपल्या मर्जीने ओलांडू नयेत. तेथे घाई केली तर ऐक्याचा केवळ आभास निर्माण होतो. परंतु मिस्सेच्या वेदीपर्यंत पोहोचण्यापूर्वी कितीतरी उंबरठे आहेत, आणि ते ओलांडण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. पवित्र शास्त्राचे वाचन एकत्र करता येते. दुसऱ्या रीतीच्या शेजाऱ्याच्या मुलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद असेल तर त्या मंदिरात जाऊन आनंदाने बसता येते. आंतरपंथीय विवाहाने घरात आलेल्या सुनेला तिच्या माहेरची गीते गाऊ देता येतात. आणि एखाद्या घरात स्त्रीला मार बसत असेल, तर ती कोणत्या मंडळीची हे न पाहता तिच्या बाजूने साक्ष देता येते. ठाण्याच्या रक्तसाक्षींचा वारसा सांगणाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट तरी विसरू नये.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांसाठी पित्याजवळ जे मागितले, ते त्यांच्या ऐक्याचे दान होते. ते दान एखाद्या करारपत्राने उतरेल अशी वाट पाहत आपण बसून राहिलो, तर आपल्या मजल्यावरील दारे तशीच बंद राहतील. तेव्हा प्रत्येक पॅरिशने एप्रिल महिन्यात एका रविवारी ठाण्याच्या चार बंधूंचे स्मरण करावे, आणि त्याच प्रार्थनेत त्यांना आसरा देणाऱ्या त्या पंधरा घरांचेही स्मरण करावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्या मंडळीतील एका कुटुंबास आपल्या घरी जेवावयास बोलवावे. जेवणापूर्वीची प्रार्थना पाहुण्यांनी आपल्या पद्धतीने म्हणावी आणि यजमानांनी तिला 'आमेन' म्हणावे.